अंगणातलं झाड तोडलं, पण बुडखा तसाच राहिलाय आणि त्याला धुमारे फुटतायत. काय करावं?

घाई किती आहे, त्यावर ठरेल. त्या जागी लगेच फरशी किंवा बांधकाम करायचं असेल तर मशीनने बुडखा दळून घ्या. जमिनीखाली साधारण १५ ते ३० सेंमीपर्यंतचं लाकूड निघतं, खालची मुळं तशीच राहतात. ती कुजली की जमीन थोडी खचते, म्हणून फरशीआधी खड्डा मातीने नीट ठोकून भरा.

घाई नसेल तर कुजू द्या. ड्रिलने वरून बोटभर जाडीची, २० सेंमी खोल भोकं पाडा, युरिया भरा, पाणी ओता आणि वर माती-पालापाचोळा टाकून ओल टिकवा. लाकूड बुरशी कुजवते, युरियातलं नत्र हा तिचा खुराक. कोरड्या बुडख्यात बुरशी वाढत नाही, त्यामुळे पाणी विसरलात की सगळी मेहनत वाया. तरीही वर्ष-दोन वर्षं धरून चला, कठीण लाकडाला जास्तच. कुऱ्हाड मारल्यावर 'खण्ण' न होता ती भसकन रुतली, की समजा झालं काम.

धुमारे मात्र दिसले की लगेच खुडा. पानं आली की मुळांना पुन्हा अन्न मिळतं.

मीठ, डिझेल नको, माती नासते. जाळूही नका, मुळं आतल्या आत दिवसेंदिवस धुमसत राहू शकतात.

बुडखा वाटेत नसेल तर मी त्यावर सरळ कुंडी ठेवली असती!