मांजरीच्या पिलाला जुलाब होत असताना दूध पाजावे का?

आपल्या दोन महिन्यांच्या पिलाला दोन दिवसांपासून जुलाब होत आहेत आणि घरचे ताकदीसाठी दूध पाजायला सांगतात, असे आपण लिहिले आहे. दूध आजच बंद करावे. आईचे दूध सुटू लागले की दुधातील साखर पचवण्याची मांजराची शक्ती कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घरी, खोलीत भरून ठेवलेल्या कापसावर एक मांजर व्याली होती. पिले दोन महिन्यांची होत आली असताना कुत्र्यांनी तिला मारले आणि एकच पिलू वाचले. काकांनी त्याला दोन्ही वेळा वाटीभर गाईचे दूध सुरू केले. तिसऱ्या दिवशी त्याचे मागचे पाय पातळ विष्ठेने माखले, तरी काका म्हणाले, "अशक्त झालं थे, दूध वाढव त्याचं." जास्त दुधाने हगवण लागते म्हणून ज्यांनी गोठ्यातल्या वासराला नेहमी आखडून पाजले, त्यांनी मांजराच्या वेळी तो अनुभव विसरावा, याचा मला आजही राग येतो. पिलाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहत होती; अंगातले पाणी आटल्याची ती खूण होती. मी त्याला टोपलीत घालून एसटीने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिले आणि वजन करून, ते ६५० ग्रॅम भरले, त्या मापाने जंतांचे औषध पाजले. गोल जंत आईच्या दुधातूनही पिलात येतात, हे मला तेव्हा कळले. म्हणजे दोष एकट्या गाईच्या दुधाचा नव्हता.

एवढ्या लहान पिलाला उपाशी ठेवू नये. मीठ, हळद, कांदा, लसूण न घालता उकडलेली कोंबडी थोडी थोडी द्यावी आणि पाणी सतत समोर असावे. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे. विष्ठेत रक्त, उलट्या किंवा सुस्ती दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, कारण लस न दिलेल्या पिलांना पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य रोग झपाट्याने नेतो.

काही मांजरांना थोडे दूध पचते, हे खरे आहे. आमच्या त्या पिलाची आता मोठी मांजर झाली आहे; तिलाही चमचाभर बाधत नाही आणि काका तेच मला दाखवतात. परंतु त्या आठवड्यात दुधाने तिचे हाल वाढवले, हे त्यांनी अजून मान्य केलेले नाही.