जुन्या पिकअपच्या केबिनचा खालचा पत्रा गंजलाय आणि पावसात पाणी आत येतं. नवीन पत्रा मारून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2006 सालची आहे, गुहागरला असते, उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या आणि एरवी मासळी वाहते. चालकाच्या पायाखालचं मॅट उचललं तर मुठीएवढं भोक दिसलं, आणि जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी साचतं. गॅरेजवाले म्हणतायत, एका दिवसात पत्रा मारून वरून डांबर फासून देतो. पत्रा मारावा लागणारच आहे, पण आत्ता नको. आधी पाणी कुठून येतंय ते सापडू द्या. ते सापडल्याशिवाय मारलेला पत्रा दोन-तीन पावसाळ्यांपेक्षा जास्त टिकत नाही. मी हे स्वतःच्या गाडीवर भोगलंय.

आमची पिकअप रत्नागिरीजवळ असते, कामही तुमच्यासारखंच. 2016 च्या एप्रिलमध्ये मी असाच पत्रा मारून घेतला. काम दिसायला छान होतं. 2018 च्या दिवाळीत मॅट काढलं तेव्हा नवीन पत्र्याच्या कडेने जुना पत्रा पुन्हा पोपड्यांसारखा सुटत होता. गावातल्या एका वयस्कर डेंटरना, म्हणजे गाडीचं पत्राकाम करणाऱ्यांना, दाखवलं. त्यांनी पत्र्याकडे पाहिलंच नाही. डॅशबोर्डच्या खाली हात घातला, इंजिनाकडच्या भिंतीवर वरपर्यंत बोट फिरवलं आणि ओलं बोट मला दाखवलं. पाऊस थांबून तेव्हा चार दिवस झाले होते.

त्या दिवशी मला कळलं की भोक दिसतं तिथे पाणी शिरत नसतं, तिथे ते येऊन थांबतं. शिरण्याची जागा सहसा वर असते, आणि बऱ्याचदा हात-दीड हात लांब. गाडी उतारावर कशी उभी आहे त्यावर साचण्याची जागासुद्धा बदलते. म्हणून तुमची गाडी रोज कुठे आणि कशी उभी असते ते आधी आठवून बघा. नाक खाली करून उभी असेल तर मागच्या काचेतून आलेलं पाणीही पायाखाली येऊ शकतं.

सुरुवात अशी करा. दोन्ही सीट काढा, मॅट काढा आणि मॅटखालचं नमदं, म्हणजे फेल्टचा जाड थर, काढून टाका. ते नमदं स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं. वरचं रबरी मॅट हवा लागू देत नाही, त्यामुळे जूनमध्ये आत गेलेलं पाणी जानेवारीतही पत्र्याला चिकटून असतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात समुद्राचं वारं आणि मासळीच्या बर्फाचं खारट पाणी. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून गंज कोरड्या दिवसांतही चालूच राहतो. ते जुनं नमदं पुन्हा वापरू नका, धुऊन वाळवूनही नको.

आता गंज नीट बघा. पत्र्याची वरची बाजू थरांनी सुटलीय आणि खालचं कोटिंग बऱ्यापैकी शाबूत असेल, तर पाणी आतून मुरतंय. उलट असेल तर चाकाने उडालेलं पाणी खालून मारा करतंय. पाण्याला हात लावून वासही घ्या. बोटांना चिकट लागलं आणि गोडसर वास आला तर ते पावसाचं पाणी नाही, हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आहे. क्लचच्या पेडलमागे रंग फुगून सुटला असेल तर पेडलच्या वर असलेल्या क्लचच्या मास्टर सिलिंडरमधून ऑइल झिरपतंय का ते बघा, कारण ते ऑइल रंग खातं आणि उघड्या पत्र्यावर गंज लवकर बसतो. गाडीत एसी असेल आणि ऐन मे महिन्यात डाव्या बाजूला पाणी दिसत असेल, तर एसीच्या पाण्याची नळी माती किंवा पालापाचोळ्याने तुंबलेली असते. ती तारेने मोकळी केली की काम झालं.

पावसाचंच पाणी असेल तर पुढची परीक्षा एकट्याने होत नाही, घरातला कोणीतरी सोबत घ्या. आतलं सगळं पुसून पंखा लावून एक दिवस वाळवा. खाली वर्तमानपत्र अंथरा. इंजिनाकडच्या भिंतीवर, दारांच्या आतल्या कडांवर आणि काचेखालच्या पत्र्यावर अंगाला लावायची पावडर उडवा. पाण्याचा ओघळ पावडरवर स्पष्ट रेघ ओढतो. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. वॉशिंग सेंटरचं प्रेशर वापरू नका, त्याने चांगल्या बीडिंगमधूनही, म्हणजे दाराच्या कडेच्या रबरातूनही, पाणी आत जातं आणि फसगत होते. साधी धार पुरे.

पाणी खालून वर न्यायचं. आधी चाकाच्या आतल्या बाजूला दहा मिनिटं, मग दाराची खालची कड, मग वायपरखालची जाळी, मग काचेची खालची कड, मग काचेच्या बाजू, आणि सगळ्यात शेवटी टप. टपापासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात आणि मग कंटाळून सगळीकडे सिलिकॉन भरत सुटतात.

माझ्या गाडीत दोष वायपरखालच्या जाळीत निघाला. आंब्याखाली उभी करायचो, त्यामुळे मोहोर आणि पानं कुजून आतल्या खोबणीतली पाणी जायची भोकं बुजली होती. खोबण भरली की पाणी वर चढायचं आणि वायरिंगचा जुडगा ज्या रबरातून आत येतो, त्या कडक होऊन चिरलेल्या रबरातून केबिनमध्ये उतरायचं. म्हणून रिमझिम पावसात गाडी कोरडी आणि मुसळधार पावसात तळं. तुम्हीही "जोराचा पाऊस झाला की" असं लिहिलंय, त्यामुळे माझा पहिला संशय तिथेच आहे. जाळी उघडून हाताने कचरा काढा, पाणी ओता आणि ते गाडीखाली पडतंय का ते बघा.

दुसरा संशय दारावर. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी दाराच्या आत जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना असते. ती भोकं बुजली, किंवा दाराच्या पॅडमागचं प्लास्टिक फाटलं, तर तेच पाणी उंबऱ्यावरून आत येतं. स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन बदलताना ते प्लास्टिक अनेकदा फाडून टाकलेलं असतं. जाड प्लास्टिक कापून चिकटवून घ्या. बीडिंग तपासायला दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज सुटून आली तर तिथे बीडिंग दबत नाहीये.

समोरच्या काचेचं रबर गळत असेल तर वरवर काही भरू नका. काच काढून बघा, कारण रबराखालच्या पत्र्याच्या कडेला गंज असतो आणि तो साफ केल्याशिवाय नवं रबरही बसत नाही. बाथरूमचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते गाडीला कधीच लावू नका. त्यातून सुटणारं आम्ल पत्र्याला गंजवतं. काचेसाठी मिळणारा पॉलियुरेथेनचा सीलंट घ्या.

पाणी बंद झाल्याची खात्री झाली की पत्र्याकडे वळा. गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, नाहीतर गंजाच्या खड्ड्यांत राहिलेलं मीठ रंगाखाली पुन्हा काम सुरू करतं. पूर्ण वाळल्यावर स्क्रू ड्रायव्हरने सगळीकडे टोचा आणि हातोडीच्या दांड्याने ठोका. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. मुठीएवढं भोक कापायला घेतल्यावर ताटाएवढं होतं, त्याने घाबरू नका. चकाकणारा पत्रा लागेपर्यंत कापणं हेच खरं काम.

पण ठोकताना केबिनच्या माउंटिंगजवळचा, सीटच्या बोल्टजवळचा किंवा सीटबेल्टच्या बोल्टजवळचा पत्रा मऊ लागला, तर थांबा. पिकअपची केबिन चेसिसवर रबरी माउंटिंगवर बसलेली असते. तिथला पत्रा गेला की केबिन खाली बसते, दार लागेनासं होतं, क्लच दाबला की सगळी भिंत हलते. तिथे नुसता पॅच चालत नाही, आतल्या पट्टीसकट बांधणी पुन्हा करावी लागते, आणि ती जाणकार माणसाकडूनच करून घ्या. सीटबेल्ट ज्या पत्र्याला धरलाय तो पत्रा कुजका असेल तर बेल्टचा उपयोग नाही. चेसिसलाच भोकं असतील तर या गाडीवर आणखी पैसे घालायचे का, हे आधी ठरवा.

बाकीच्या जागी 18 किंवा 20 गेजचा सीआर (मुलामा नसलेला, कोल्ड रोल्ड) पत्रा वापरा, म्हणजे साधारण 1.2 किंवा 0.9 मिलिमीटर. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा टिकाऊ म्हणून सुचवतील, पण वेल्डिंग करताना जळणाऱ्या जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. डेंटरकडे सीओटू वेल्डिंग (तारेचं, मिग वेल्डिंग) आहे का ते विचारा. साध्या आर्कने इतक्या पातळ पत्र्याला भोकं पडतात, आणि गॅसने पत्रा तापून वाकडा होतो. टाके एकमेकांपासून लांब मारायचे, एक इकडे तर पुढचा समोरच्या बाजूला, आणि मध्ये थंड होऊ द्यायचं.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. पत्र्याखालून डिझेलचा आणि ब्रेकचा पाइप कुठून जातो ते खाली वाकून स्वतः बघा, डेंटरवर सोडू नका. वायरिंग बाजूला घ्या, ओलं फडकं आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड लावाच.

टाके घासून झाल्यावर लगेच, त्याच दिवशी, दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर वरून आणि खालून मारा. उघडा पत्रा आपल्या हवेत एका रात्रीत लालसर होतो. नुसता रेड ऑक्साइडचा लाल प्रायमर पुरत नाही, त्यातून ओलावा झिरपतो. मग प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंनी सीम सीलर, म्हणजे सांधे बुजवायची पेस्ट, आणि त्यावर रंग. लांबी (पुट्टी) भरून भोक बुजवायला परवानगी देऊ नका, ती ओलावा शोषते आणि आतून पत्रा खाते. गंजाला काळं करणारं केमिकल हलक्या, घट्ट बसलेल्या गंजापुरतं ठीक आहे, सुटलेल्या पोपड्यांवर त्याचा उपयोग नाही. दाराखालच्या पोकळ उंबऱ्यात वेल्डिंगच्या उष्णतेने आतला रंग जळतो, तिथे नळीने मेणाचं कोटिंग सोडायला सांगा. हे बहुतेक जण करत नाहीत आणि पुढचं भोक तिथूनच पडतं.

डांबराबद्दल माझं मत ठाम आहे. पासिंगच्या (आरटीओच्या तपासणीच्या) आधी खालून डांबर फासून गाडी काळीकुळीत करून देतात, पण गंजावर फासलेलं डांबर पाणी आत कोंडतं आणि त्याखाली गंज कुणाला दिसत नाही. स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर कोटिंग चांगलं काम करतं, त्याआधी नाही.

काम झालं की मॅट लगेच बसवू नका. पहिला महिनाभर पत्रा उघडा ठेवून गाडी चालवा, आवाज येईल, येऊ द्या. मासळी उतरवली की हौद्याबरोबर केबिनची मागची भिंत आणि चेसिसही गोड्या पाण्याने धुवा, कारण हौद्यातलं खारं पाणी त्याच फटीत उतरतं. पाण्याची परीक्षा या रविवारी करता आली तर पावडरवर पहिली रेघ कुठे उमटली ते इथे लिहा. नेमकी जागा कळली की पुढचं सांगता येईल.