पत्र्याला घाम का सुटतो? थंडीतल्या कॅम्पर व्हॅनबद्दल वाचकांचे प्रश्न

थंडीत राहता येईल अशी कॅम्पर व्हॅन स्वतः बांधणाऱ्या वाचकांच्या या वेळच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: आत पाणी सुटतं. म्हणून पहिल्या उत्तराला सर्वांत जास्त जागा दिली आहे. पुढची बरीच उत्तरं त्याच्याच आधाराने वाचायची आहेत.

प्रश्न : व्हॅनच्या भिंतींत पत्रा आणि प्लायवूड यांच्यामध्ये २५ मि.मी. ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची लोकर) भरली आहे. तरीही बाहेर शून्याखाली तापमान गेलं की सकाळी प्लायवूडच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पाण्याचा थेंब दिसतो. खालच्या कडेचा प्लाय फुगायला लागला आहे. जाडी दुप्पट केली तर हे थांबेल का?

उत्तर : नाही थांबणार. त्या स्क्रूंकडे जवळून पाहा. थेंब प्लायवर नाही, नेमका स्क्रूच्या डोक्यावर आहे. स्क्रूचं दुसरं टोक व्हॅनच्या लोखंडी फासळीत रुतलेलं आहे आणि फासळी बाहेरच्या पत्र्याला वेल्ड केलेली आहे. थंडी या वाटेने सरळ आत येते. आत २० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू १२ अंश असतो. म्हणजे १२ अंशांपेक्षा थंड अशा कोणत्याही वस्तूला त्या हवेत घाम सुटणारच. स्क्रूचं डोकं तेवढं थंड झालं आहे. ग्लासवूलच्या मागचा पत्रा त्याहून कितीतरी थंड आहे, पण तो तुम्हाला दिसत नाही एवढंच.

ग्लासवूल उष्णता अडवते, वाफ अडवत नाही. आतली दमट हवा प्लायच्या फटींतून, वायरींच्या भोकांतून मागे जाते, पत्र्यावर तिचं पाणी होतं आणि ते ओघळून खालच्या कडेला साचतं. तुमचा प्लाय तिथेच फुगला आहे. घराच्या भिंतीत वाफ अडवायला प्लॅस्टिकचा अखंड पडदा लावतात. व्हॅनमध्ये शेकडो भोकं, वाकणं आणि हादरे असल्यामुळे असा पडदा हवाबंद राहत नाही. त्यामुळे पत्र्याला कोणताही धागेदार, हवा खेळू देणारा थर लावू नये, या मताचे आम्ही आहोत. पत्र्याला थेट चिकटणारा क्लोज्ड-सेल, म्हणजे बंद बुडबुड्यांचा, हवा-वाफ आरपार जाऊ न देणारा रबर फोम हवा, म्हणजे दमट हवेला थंड धातू सापडतच नाही.

आता जाडीचं. राहण्याची जागा ३.३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १.९ मीटर उंच धरली तर मजला, छत, दोन बाजू आणि मागचं दार मिळून साधारण २८ चौरस मीटर होतात. बाहेर उणे १० आणि आत २० अंश असताना ढोबळ हिशेब असा: उघड्या पत्र्यातून जवळपास ५,००० वॅट जातात, २५ मि.मी. फोम लावल्यावर ९५० वॅट, ५० मि.मी. लावल्यावर ५२५ वॅट. पहिल्या २५ मिलिमीटरने चार हजार वॅट वाचले, पुढच्या २५ ने फक्त सव्वाचारशे. या २८ पैकी दहावा हिस्सा फासळ्यांचा असेल आणि त्या उघड्या राहिल्या, तर एकट्या फासळ्या ५०० वॅट खातात. त्यांच्यावर १० मि.मी. फोमची पट्टी चिकटवली की हा आकडा १८५ वर येतो. म्हणजे जाडी दुप्पट करून जे वाचतं त्याचा मोठा वाटा काही मीटर पट्टीने वाचतो, शिवाय आतली रुंदीही पाच सेंटिमीटरने घटत नाही.

दुरुस्तीसाठी प्लाय उतरवावाच लागेल. ओली ग्लासवूल टाकून द्या, ती वाळवून परत वापरू नका. गंज तारेच्या ब्रशने घासा, झिंक प्रायमर लावा आणि तो पूर्ण सुकू द्या. मग पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून १९ किंवा २५ मि.मी. जाडीचे, मागे गोंद असलेले रबर फोमचे शीट लावा. पत्रा निदान १० अंशांवर हवा, त्याहून थंड पत्र्यावर गोंद धरत नाही. शीट एका कडेपासून रोलरने दाबत जा, खाली हवेचा फुगा राहिला तर तो भाग पुढे सुटतो. मजला वगळून २२ चौरस मीटर होतात, कापाकापी धरून २५ आणा. सांध्यांवर त्याच फोमची टेप मारा. फासळ्यांवर १० मि.मी. पट्टी, तिच्यावर लाकडी पट्ट्या आणि त्या पट्ट्या रिव्हेट-नट (पत्र्याच्या भोकात पक्का बसणारा नट) व बोल्टने फासळीला आवळा. प्लायचे स्क्रू फक्त लाकडात जाऊ द्या आणि जिथे बोल्ट आहे तिथे स्क्रू मारू नका. फासळ्यांची आतली पोकळी रिकामी ठेवून तिथे गंजरोधक मेण फवारा.

काम साधलं की नाही हे पाहायचा सोपा उपाय आहे. हिवाच्या पहाटे बाहेरून छत बघा. हिम सगळीकडे सारखं बसलेलं असेल तर ठीक. फासळ्यांच्या रेषांवर ते वितळून काळे पट्टे दिसत असतील, तर उष्णता तिथूनच निसटते आहे.

प्रश्न : इन्सुलेशन केल्यावर छतावरची खिडकी पूर्ण बंद ठेवावी ना? नाहीतर उष्णता बाहेर जाईल.

उत्तर : बंद ठेवू नका. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत येतं. वर सांगितलेल्या व्हॅनची ११ घनमीटर हवा २० अंशांवर जास्तीत जास्त १९० ग्रॅम वाफ धरू शकते. बाकीचं पाणी कुठेतरी बसणारच: काचेवर, गादीखाली, कपाटाच्या मागे.

बाहेरची उणे ५ अंशांची हवा कितीही दमट वाटली तरी तिच्या एका घनमीटरमध्ये साडेतीन ग्रॅमसुद्धा पाणी नसतं. तीच हवा आत येऊन २० अंशांवर तापली की तिची आर्द्रता २० टक्क्यांच्या आत येते, म्हणजे ती चांगली कोरडी असते. ताशी ३० घनमीटर हवा बदलली तर उणे ५ अंशांत साधारण २५० वॅट खर्च होतात. कोरड्या गादीसाठी ही किंमत जास्त नाही. छताची खिडकी दोन-तीन सेंटिमीटर उघडी ठेवा आणि खाली, शक्यतो हीटरच्या जवळ, हवा आत यायला वाट ठेवा. एकच भोक असेल तर हवा खेळत नाही. स्वयंपाक करताना पंखा लावा आणि भांड्यावर झाकण ठेवा. गादीखाली लाकडी फळ्यांच्या पट्ट्या किंवा जाळीदार चटई हवी. सलग प्लायवर ठेवलेल्या गादीला खालून बुरशी धरते.

प्रश्न : कोपऱ्यांसाठी डब्यातला स्प्रे फोम आणि मजल्यासाठी एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचा कडक फोम) बोर्ड वापरायचा विचार आहे. काय जपावं?

उत्तर : डब्यातला फोम हवेतली आर्द्रता शोषून घट्ट होतो. बंद पोकळीत भरला तर आतला भाग महिनोन्‌महिने चिकट राहतो. फुगताना तो पातळ पत्र्याला बाहेरून दिसेल असा पोक आणतो, ते वेगळंच. दारांच्या आणि फासळ्यांच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात. ती फोमने बुजली की पत्रा आतून गंजतो आणि हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळे स्प्रे फक्त लहान, उघड्या फटींपुरता. वायरी आधी नळीत घाला, फोममध्ये गाडलेली वायर पुन्हा ओढता येत नाही.

मजल्याला एक्सपीएस उत्तम. आधी पत्र्याच्या खाचा त्याच बोर्डच्या पट्ट्यांनी भरून सपाट करा, वर २० मि.मी. बोर्ड आणि त्यावर १२ मि.मी. प्लाय. मध्ये लाकडी पट्ट्यांची गरज नाही, बोर्ड माणसाचं वजन सहज पेलतो आणि पट्ट्या म्हणजे पुन्हा थंडीला वाट. गोंद मात्र पॉलियुरेथेनचा घ्या. सॉल्व्हंट असलेला कॉन्टॅक्ट गोंद पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि सकाळी बोर्डच्या खाली खड्डे पडलेले दिसतात.

प्रश्न : डिझेल हीटर २ किलोवॅटचा घ्यावा की ५? आणि सध्याचा हीटर कडाक्याच्या थंडीत सुरूच होत नाही, बॅटरी भरलेली असूनही.

उत्तर : २ किलोवॅटचा. भिंतींचे ९५० वॅट, पुढच्या काचांचे साडेतीनशे, हवेचे तीनशे, म्हणजे उणे १० अंशांत १,६०० वॅट लागतात. ५ किलोवॅटचा हीटर अशा जागेत कायम सर्वांत खालच्या मात्रेवर चालतो, ज्वाला थंड राहते आणि काजळी धरते. लहान हीटरसुद्धा आठवड्यातून एकदा १५-२० मिनिटं पूर्ण क्षमतेने चालवा, म्हणजे काजळी जळून जाते. उंचावर हवा विरळ असल्यामुळे डिझेलचं प्रमाण जास्त होऊन काजळी आणखी वाढते. तिथे इंधनाची मात्रा कमी करता येणारा हीटर हवा.

सुरू न होण्याचं कारण बहुधा वायर आहे. पेटताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) ८ ते १० अँपिअर ओढतो. बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर होते. १.५ चौरस मि.मी. वायरमध्ये १० अँपिअरला जवळपास १.२ व्होल्ट वाटेतच जातात आणि हीटर कमी व्होल्टेज समजून बंद होतो. ४ चौरस मि.मी. वायर टाका, घट ०.४५ व्होल्टच्या आत येते. हीटर सुरू होत असताना थेट हीटरच्या टोकांवर मीटर लावून पाहा. वायर ठीक असेल तर इंधनाची नळी तपासा. उन्हाळी डिझेलमध्ये थंडीने मेण धरतं आणि बारीक फिल्टर आधी तुंबतो.

बसवताना दोन गोष्टी चुकवू नका. एक्झॉस्टचं टोक गाडीच्या कडेबाहेर, दार-खिडकीपासून आणि हीटरच्या हवा ओढणाऱ्या नळीपासून दूर असावं, बर्फाच्या ढिगात गाडलं जाऊ नये. आणि हीटर चालू असताना मुख्य स्विचने वीज तोडू नका. बंद करताना त्याचा पंखा काही मिनिटं फिरून आतली उष्णता काढतो. ते राहिलं तर आतले भाग भाजतात.

प्रश्न : हीटर बिघडला तर गॅसची शेगडी अर्धा तास पेटवून चालेल का?

उत्तर : नाही, दहा मिनिटंही नाही. एक किलो प्रोपेन जळताना १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. पण पाण्याची गोष्ट दुय्यम आहे. बंद जागेत प्राणवायू कमी झाला की ज्वाला कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जाड पांघरूण आणि गरम पाण्याची बाटली घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावलेला असलाच पाहिजे, हीटर डिझेलचा असो वा गॅसचा.

प्रश्न : लिथियम बॅटरी सकाळी सोलरवर चार्ज होत नाही, दुपारी आपोआप होते. बॅटरी खराब आहे का?

उत्तर : बॅटरी शहाणी आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट सेल शून्य अंशाखाली चार्ज केला तर लिथियम सेलमधल्या ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडच्या आत न शिरता त्याच्यावर धातूच्या रूपात साचतं. ते नुकसान भरून येत नाही. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षक सर्किट, चार्जिंग अडवतं, त्याला वळसा घालू नका. वीज काढून घेणं उणे २० अंशांपर्यंत चालतं.

बॅटरी इन्सुलेशनच्या आत, पलंगाखाली आणा. तरी पुरलं नाही तर खाली ॲल्युमिनिअमची पातळ प्लेट आणि तिच्याखाली ४० वॅटचं हीटिंग पॅड, ५ अंशांवर सुरू आणि १० वर बंद होणाऱ्या थर्मोस्टॅटसह. १०० अँपिअर-अवर बॅटरी साधारण १२ किलोची असते, ती १० अंशांनी तापायला निदान पाऊण-एक तास लागतो. हवा तापली म्हणजे सेल तापला असं धरू नका.

प्रश्न : पाण्याचा पंप गोठून फुटला. नळ्या मात्र शाबूत आहेत, हे कसं?

उत्तर : पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. लवचीक नळी तेवढी ताणते, पंपाचं प्लॅस्टिकचं डोकं ताणत नाही. टाकी, पंप आणि नळ्या इन्सुलेशनच्या आत घ्या. नळ्या फोम आणि पत्र्याच्या मध्ये कधीच नकोत, प्लायच्या आतल्या बाजूने आणि जमल्यास हीटरच्या गरम हवेच्या नळीशेजारून न्या. सर्वांत खालच्या बिंदूवर रिकामं करायची तोटी ठेवा. व्हॅन उभी करून जाताना ती तोटी आणि सगळे नळ उघडा, नळाचं गरम-थंडचं हँडल मधोमध ठेवा आणि पंप कोरडा अर्धा मिनिट चालवा. सांडपाण्याची टाकी गाडीखाली असेल तर तिचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून खाली बादली लावा. गोठणरोधक द्रव घालायचाच तर प्रॉपिलीन ग्लायकॉलचा घ्या. इंजिनात वापरतात तो इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, तो पाण्याच्या कोणत्याही नळीत जाता कामा नये.