पाटाच्या कडेची माणसं: वाचकांचे प्रश्न

(पाटबंधारे खात्यात काम करणाऱ्यांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं खात्यातून निवृत्त झालेल्या एका शाखाधिकारी बाईंची.)

प्रश्न : आमचं शेत पैठणच्या डाव्या कालव्यावर, टेलला, म्हणजे पार शेवटाला. आवर्तन (कालव्यात पाळीने सोडलेलं पाणी) सुटलं की पेपरात बातमी येते. आमच्याकडे पाणी येतं चार दिवसांनी, तेही करंगळीएवढं. पाटकरी (पाटाचं पाणी वाटणारा कर्मचारी) वरच्या लोकांचा मिंधा आहे असं गावात सगळेच म्हणतात. तक्रार करायची तर कुणाची? – एक शेतकरी

भाऊ, आधी चार दिवसांचा हिशोब करू, मग माणसावर येऊ. डावा कालवा 208 किलोमीटरचा. कालव्यातलं पाणी ताशी दोन-अडीच किलोमीटर सरकतं. म्हणजे हेडला (कालव्याच्या तोंडाशी) दार उचलल्यापासून शेवटाला पाणी लागायला साडेतीन-चार दिवस जाणारच, आणि तेही वाटेत कुणी हात घातला नाही तर. कोरडा कालवा आधी स्वतः पितो, मग पुढे देतो. तेव्हा चार दिवसांचा दोष कुणाला देऊ नका.

करंगळीएवढ्या पाण्याची गोष्ट वेगळी. तिथे तक्रार करा, पण गेज बघून करा. तुमच्या चारीच्या (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाच्या) तोंडाशी मोजमापाचा फ्ल्यूम, म्हणजे पाणी मोजायची अरुंद नाली, असेल आणि त्याच्या भिंतीला सेंटिमीटरची पट्टी, तोच गेज. तो आकडा सकाळ-संध्याकाळ वाचून वहीत लिहायचा असतो. 30 चा गेज 25 वर आला तर लोकांना वाटतं पाचच तर सेंटिमीटर गेले. प्रत्यक्षात प्रवाह चौथाईने घटलेला असतो. आता यातली गंमत ऐका. फ्ल्यूमच्या खालच्या अंगाला कुणी मातीची पोती टाकली की पाणी तुंबतं, गेज चढतो आणि प्रवाह मात्र कमी होतो. वहीत 30 लिहिलेले असतात आणि रानात 20 चंही पाणी नसतं. म्हणून नवीन पोराला आम्ही पहिल्यांदा हेच सांगायचो, की पट्टी वाचण्याआधी दहा पावलं खाली चालून ये.

नियम तुमच्याच बाजूचा आहे. शेजपाळीत, म्हणजे एकामागून एक पाळीने पाणी देताना, ते टेलकडून हेडकडे द्यायचं असतं. आधी शेवटचा, मग त्याच्या वरचा. दिवसा हे बऱ्यापैकी पाळलं जातं. रात्री हेडच्या लोकांची दारं उघडतात, कालव्यात पाइप पडतात, मोटारी सुरू होतात. अशा वेळी एका कालवा निरीक्षकाकडे स्वतःची बीट (नेमून दिलेला कालव्याचा भाग) आणि रिकाम्या पदांमुळे शेजारच्या बीटाही असतात. तो एका टोकाला असला की दुसऱ्या टोकाला फोनाफोनी होऊन दार उचललेलं असतं. मिंधे कर्मचारी नसतात असं मी म्हणणार नाही. पाहिलेत. पण माझ्या अंदाजाने दहा तक्रारींत मिंधेपणाच्या दोन आणि माणूसच नसल्याच्या आठ.

चारी फोडणारा सापडला नाही तरी कायदा हात टेकत नाही. ज्यांच्या रानात ते पाणी गेलं त्यांच्यावर आकारणी करता येते. 1976 च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमात ती सोय आहे. पंचनामा मात्र पाणी रानात उभं असतानाच व्हायला हवा. आठ दिवसांनी कोरड्या मातीचा पंचनामा काय करायचा?

तुम्ही एवढं करा. नमुना नंबर 7 चा पाणी मागणी अर्ज मुदतीत भरा आणि पोच घ्या. टेलचे निम्मे लोक ‘पाणी येतच नाही तर अर्ज कशाला’ म्हणून भरत नाहीत. मग कागदावर टेलला मागणीच दिसत नाही आणि पाळीचे दिवस कमी लागतात. आवर्तनात चारीच्या गेजचा तारीख-वेळेसह फोटो काढा आणि खात्याच्या शाखा कार्यालयात जाऊन वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. तफावत निघाली तर उपविभागीय अभियंत्याकडे लेखी द्या. माणसाचं नाव घालून भांडू नका, दोन आकडे समोर ठेवा. आकड्याला उत्तर द्यावंच लागतं.

आणि जमलं तर पाणी वापर संस्था काढा. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये यांच्या पुढाकाराने, 1990 च्या सुमारास पहिल्या संस्था उभ्या केल्या त्या टेलच्याच शेतकऱ्यांच्या. पुढे अख्खा प्रकल्प शेतकऱ्यांच्या हाती आला. संस्थेला पाणी घनमापनाने मोजून मिळतं. एकदा मोजून घ्यायची सवय लागली की गेजवर तुमचीच माणसं बसतात.

प्रश्न : पाणी कधी सोडायचं हे मंत्री ठरवतात की इंजिनिअर? – एक वाचक

कालवा सल्लागार समिती ठरवते. पालकमंत्री अध्यक्ष, आमदार सदस्य, अभियंते आकडे घेऊन बसलेले. 15 ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे ते बघायचं, त्यातून पिण्याचं, बाष्पीभवनाचं आणि कारखान्यांचं वजा करायचं, उरलेल्यात रब्बीच्या आणि उन्हाळ्याच्या पाळ्या बसवायच्या. बैठकीत आवाज मोठा कुणाचाही असो, जलाशयाचा क्षमता तक्ता (कुठल्या पातळीला किती पाणी ते सांगणारा) बदलत नाही. एक पाळी ‘वाढवून’ घेतली म्हणून टाळ्या पडतात तेव्हा ती मे महिन्यातून काढलेली असते.

प्रश्न : 2023 च्या जाहिरातीतून कालवा निरीक्षक म्हणून माझी निवड झाली. मी कॉमर्सची. घरचे म्हणतात, रानावनात हिंडायचं हे बाईमाणसाचं काम नव्हे. मला पाण्यातलं काही कळत नाही. तयारी काय करू? – एक वाचक

ताई, अभिनंदन. ती 4,497 पदांची भरती होती. खात्याने एवढी मोठी जाहिरात काढली याचाच अर्थ पाटावर माणसं उरली नव्हती.

कॉमर्सचं वाईट वाटून घेऊ नका. या नोकरीचा अर्धा भाग वहीचाच आहे. कुणी किती क्षेत्राचा अर्ज केला, सातबाऱ्यावर किती आहे, प्रत्यक्षात किती भिजलं, पीक कुठलं, आकारणी किती झाली, थकबाकी किती. मोजणीदार क्षेत्र मोजतो, दप्तर कारकून दप्तर सांभाळतो, पण रानात उभं राहून ‘भाऊ, अर्ज उसाचा नाही, गव्हाचा आहे’ हे तुम्हालाच म्हणायचं असतं. उरलेलं शिकता येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटर. तुमच्या बीटातल्या प्रत्येक फ्ल्यूमचा गेज-प्रवाह तक्ता मोबाइलमध्ये ठेवा. महिन्याभरात तोंडपाठ होईल.

एक काम मात्र सांगतेच. पाट बंद असताना तो पायी चालून काढा. निम्मी बीट माझ्या पायाखाली अशीच आली. पाणी असताना पाट सगळ्यांना सारखाच दिसतो. कोरडा असला की भरावातली घुशींची आणि खेकड्यांची बिळं दिसतात, अस्तराच्या फुटलेल्या फरश्या दिसतात आणि तळाशी पुरलेले चोरीचे पाइपही दिसतात, तोंडाला गवताची पेंडी कोंबून ठेवलेले. कालवा फुटतो तो बहुतेकदा अशाच एखाद्या बिळातून. पहिल्या दिवशी ओल, दुसऱ्या दिवशी झिरपा, तिसऱ्या दिवशी रानं वाहून जातात. बाहेरच्या अंगाच्या झिरप्याचं पाणी स्वच्छ आहे की गढूळ ते बघायचं. गढूळ असेल तर भराव आतून वाहतोय. तेव्हा थांबायचं नाही, आवर्तन कमी करायला लगेच फोन लावायचा.

बाईमाणसाचं काम आहे का? मी नोकरीला लागले तेव्हा गावात मला ‘भाऊसाहेब’च म्हणायचे, कारण पाटावरच्या माणसाला हाक मारायला दुसरा शब्दच नव्हता. ‘बाईसाहेब’ व्हायला बराच काळ गेला. बायका पाटावर आल्या की शेतकऱ्यांच्या बायका बोलू लागतात. रात्री दार कोण उचलतं हे गावात त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि पुरुष कर्मचाऱ्याला त्या कधी सांगत नाहीत. रात्रीच्या गस्तीला मात्र एकटीने जाऊ नका. सोबत चौकीदार द्या असं लेखी मागा. तोंडी मागितलेलं या खात्यात टिकत नाही. शिव्या पडतील. त्या पुरुषांनाही पडतात.

प्रश्न : आम्ही पुण्यात मुठेच्या काठी राहतो. खडकवासल्यातून पाणी सोडतात ते नेमकं रात्री. धरण गळ्याशी येईपर्यंत ही मंडळी काय करत असतात? – एक रहिवासी

तुमचा राग रास्त आहे. पण खडकवासला केवढं आहे ते आधी बघा. उपयुक्त साठा जेमतेम 1.97 टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्या डोक्यावर पानशेत 10.65, वरसगाव 12.82 आणि टेमघर 3.71. आवक 20,000 क्युसेक धरली तर पार रिकामं खडकवासला 27 तासांत काठोकाठ भरतं, अर्धं असलं तर चौदा तासांत. वरची धरणं भरलेली असली की त्यांचा विसर्गही यातच. दुपारी घाटात कोसळलेला पाऊस अंधार पडता पडता धरणात उतरतो. रात्रीच्या विसर्गाचं कारण बरेचदा एवढंच असतं.

आत काय चाललेलं असतं? नियंत्रण कक्षात आवक सांगणारं मीटर नसतं, ती काढावी लागते. दर तासाला पातळी वाचायची, क्षमता तक्त्यावरून साठा किती वाढला ते बघायचं, सोडलेलं पाणी त्यात मिळवायचं. तासाभरात साठा 36 दशलक्ष घनफूट वाढला आणि काही सोडलेलं नाही, तर आवक 10,000 क्युसेक. वाऱ्याने लाटा उठल्या की पट्टीवर दोन-चार सेंटिमीटरचा घोळ होतो आणि आवकेत हजारोंचा. म्हणून कॉम्प्युटरवर आकडा दिसत असला तरी एक माणूस टॉर्च घेऊन पट्टीपाशी जातोच. दारांवर ऑपरेटर असतात. असल्या पावसात वीज पहिली जाते. जनरेटर सुरू झाला नाही तर दार हँडलने उचलायचं, इंच इंच.

कुठल्या तारखेला धरण किती भरलेलं असावं याची प्रत्येक धरणाची सूची ठरलेली असते. ऑगस्टमध्ये धरण मोकळं ठेवलं आणि पाऊस पळाला, तर एप्रिलमध्ये पुणेकर पाण्यासाठी आणि दौंड-इंदापूरचे शेतकरी आवर्तनासाठी त्याच अभियंत्याला धारेवर धरतात. भरून ठेवलं तर तुम्ही. पण पाणी अडवून धरण धोक्यात घालायचं नाही, यावर मात्र खात्यात दुमत नाही. पानशेत अपुरं असतानाच भरू लागलं, 12 जुलै 1961 ला फुटलं आणि त्याखाली खडकवासलाही गेलं.

जिथे खातं आणि महापालिका दोघंही कमी पडतात ती जागा निरोपाची. ‘विसर्ग 25,000 क्युसेक करण्यात येत आहे’ हा मेसेज तुमच्या काय कामाचा? आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये किती क्युसेकला पाणी शिरतं हे मागच्या पुरांच्या तारखा आणि विसर्ग ताडून काढता येतं. ते काढा, आकडा जिन्याच्या भिंतीवर लिहा आणि महापालिकेच्या आपत्ती कक्षालाही लेखी कळवा. विसर्ग त्या आकड्याच्या जवळ येतोय असं दिसलं की पुढच्या मेसेजची वाट न बघता गाड्या वर काढा.