शिकागोत एकच दिवस असेल तर ओल्ड टाउन

तुमच्याकडे शिकागोत एकच दिवस आहे, उंच इमारती सोडून काहीतरी जुनं पाहायचंय आणि संध्याकाळी गाणं किंवा कॉमेडी ऐकायचीय, असं तुम्ही विचारलंय. मी इथे बरीच वर्षं राहतोय आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ओल्ड टाउन या जुन्या वस्तीतच नेतो. शहरी रेल्वेच्या ब्राऊन लाइनने सेजविक स्टेशनला उतरायचं, पुढे सगळं पायी.

दुपारी तीनच्या सुमारास पोहोचा, म्हणजे घरं उजेडात दिसतील. ऑक्टोबर १८७१च्या आगीत शिकागोतले सुमारे एक लाख लोक बेघर झाले आणि हा भागही जळाला. हिवाळा तोंडावर होता, म्हणून मदत समितीने बेघरांना लाकडी खोपटी उभारायला सामान दिलं. मेनॉमिनी स्ट्रीटवरचं एक बुटकं घर त्यांपैकीच मानलं जातं. पुढे शहराने लाकडी बांधकामावर बंदी आणायचं ठरवलं, तेव्हा इथल्या जर्मन कामगारांनी जानेवारी १८७२मध्ये नगरपालिकेवर मोर्चा नेला. विटांचं घर त्यांना परवडणारं नव्हतं. थोडी सवलत मिळाली, पण १८७४मध्ये बंदी कडक झालीच. आज दिसणारी बरीच लाकडी घरं या दोन-तीन वर्षांच्या फटीतली आहेत. मी वाड्यात वाढलो. सागवानी खांब आणि जाड तुळया पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना ही पातळ फळ्यांची, खिळ्यांनी ठोकलेली घरं आधी तकलादू वाटली. पण तो मोर्चा कळल्यापासून त्यांच्यासमोर उभं राहिलं की मला भरून येतं.

लिंकन पार्क वेस्टवर वॅकर कुटुंबाचं कोरीव लाकडी घर आहे, तेही बघा. शहरातला वॅकर ड्राइव्ह त्याच घरातल्या मुलाच्या नावाचा. घरांत लोक राहतात, त्यामुळे फोटो फुटपाथवरूनच काढा.

संध्याकाळी वेल्स स्ट्रीटवर या. १९५९मध्ये सुरू झालेलं 'सेकंड सिटी' हे कॉमेडी थिएटर इथेच आहे. बिल मरे, टीना फे हे विनोदी कलाकार इथूनच पुढे आले. प्रेक्षकांनी दिलेल्या एखाद्या शब्दावरून नट तिथल्या तिथे प्रसंग रचतात. त्यामागचे नाट्यखेळ व्हायोला स्पोलिन या नाट्यशिक्षिकेचे. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या स्थलांतरित मुलांना एकत्र खेळवता यावं म्हणून त्यांनी ते घडवले, आणि त्यांचा मुलगा पॉल सिल्स सेकंड सिटीच्या संस्थापकांपैकी एक. म्हणून इंग्रजी पुरेसं येत नाही अशी धास्ती बाळगू नका. माझ्या आईला अर्ध्याहून जास्त वाक्यं कळली नव्हती, तरी ती शेजारच्या बाईंच्या बरोबरीने हसत होती. एकट्या माणसाची स्टँडअप हवी असेल तर त्याच रस्त्यावर 'झेनीज' आहे, १९७८पासूनचं. तिकीट आधी काढा आणि वयाची अट वाचा.

गाण्याचं मात्र थोडं वेगळं आहे. 'ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक' १९५७मध्ये इथे सुरू झालं, पण आता त्याचं मुख्य ठिकाण लिंकन स्क्वेअरला आहे. नाव वाचून इथे शोधत बसू नका. तिथला कार्यक्रम हवा असेल तर ब्राऊन लाइनने वेस्टर्न स्टेशनला उतरा. शो संपल्यावर ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं पारंपरिक गाणं, ऐकायची इच्छा आणि अंगात ताकद उरली असेल, तर हॉलस्टेड स्ट्रीटवरचं 'किंग्स्टन माइन्स' हे ब्लूज क्लब रात्री उशिरापर्यंत चालू असतं.