तुमचे प्रश्न: डोंगरातल्या वाईनचा वीकेंड

लाँग वीकेंडला आम्ही सहाजण डोंगरातल्या वायनरी बघायला चाललोय. एका मित्राने दिवसाला पाच ठिकाणं अशी यादी केलीय. जास्त होतंय का?

हो, खूपच जास्त होतंय. दिवसाला दोन करा, फारच उत्साह असेल तर तीन, त्यापुढे नका जाऊ. हिशोब करून बघा ना, एका टेस्टिंगला पाच वाईन आणि प्रत्येकी ५० मिली धरली तरी पाव लिटर झाली, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीचा तिसरा हिस्सा एकाच जागी, आणि पाचही ठिकाणी सगळं संपवलंत तर माणशी दीड बाटलीच्या वर जातं. त्याच्या खूप आधी जीभ दमते ते वेगळंच. रेड वाईनमधल्या टॅनिनने, म्हणजे त्यातल्या तुरट द्रव्याने, तोंड कोरडं पडत जातं आणि मग सगळ्या वाईन सारख्याच लागायला लागतात, पुढचं पाठ मागचं सपाट. घाटातले रस्तेही लक्षात घ्या, मॅपवर जवळ दिसणारं ठिकाण वळणावळणाने जाताना अर्धा दिवस खातं. दोन्ही जागा आधी बुक करा, कारण छोट्या वायनरीत सहाजण अचानक उगवले की त्यांचीही पंचाईत होते, आणि द्राक्ष तोडणीचे दिवस असतील तर आधी फोन कराच, तेव्हा तिथल्या माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळची वेळ मिळाली तर तीच घ्या, नीट खाऊन जा, आणि परफ्यूम मात्र कुणीच मारू नका, एकाच्या सेंटने सहाजणांच्या ग्लासातला वास मरतो.

उंचावरच्या द्राक्षांची वाईन वेगळी लागते म्हणतात. आमच्यासारख्या नवख्यांना कळेल का तो फरक?

नक्की कळेल, आणि खरं सांगायचं तर एवढं वर चढून जायचं ते ह्यासाठीच. दर १०० मीटर चढलं की तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं. दिवसा ऊन कडक आणि रात्री गारठा, त्यामुळे द्राक्षात साखर तर भरते पण आंबटपणा टिकून राहतो, उष्ण सपाटीवर तो भराभर कमी होतो. उंचावरच्या तिखट उन्हापासून वाचायला साल जाड होते, रंग आणि बरंचसं टॅनिन सालीत असतं त्यामुळे वाईन गडद आणि घट्ट बांध्याची होते. उतारावर माती कमी, पाणी थांबत नाही, मग मणी छोटे राहतात आणि रसाच्या मानाने साल जास्त येते. थंड हवा जड असते, ती रात्री खाली दरीत उतरते, म्हणून बऱ्याचदा दरीतल्या बागेला गोठवणाऱ्या थंडीचा फटका बसतो आणि मधल्या उतारावरची बाग वाचते.

आर्जेंटिनातल्या साल्टामध्ये तर ३००० मीटरच्या वरही द्राक्षं लावलीत, आणि जर्मनीत मोझेल नदीच्या काठचे काही उतार इतके उभे आहेत की बरंचसं काम हातानेच करावं लागतं. डोंगरातल्या रेड वाईनला बऱ्याचदा वेळ द्यावा लागतो. कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ डोंगरातली रिज मॉन्टे बेलो, १९७१ सालची, १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन लेबल न दाखवता चाखायची जी गाजलेली चाचणी झाली, तिच्यात रेडमध्ये पाचवी आली होती, आणि तीस वर्षांनी, २००६ मध्ये त्याच वाईन पुन्हा चाखल्या तेव्हा ती पहिली आली. मला हे फार आवडतं.

आता ग्लासात कसं ओळखायचं? घोट घेऊन तोंडात सगळीकडे फिरवा आणि गिळल्यावर गप्प बसा जरा. जिभेखाली, गालाच्या आत पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या आणि ओठांची आतली बाजू खरखरीत, ओढल्यासारखी वाटली तर ते टॅनिन. एकाच जातीच्या द्राक्षाची सपाटीवरची आणि डोंगरावरची वाईन शेजारी शेजारी ओता असं सांगून बघा, असेल तर बहुतेक लोक आनंदाने देतात. आणि तोडणीच्या आसपास गेलात तर विचारून एक मणी खा, साल चावत राहा, बी बघा. बी तपकिरी आणि कुरकुरीत असेल तर पिकलंय, हिरवट असेल तर अजून वेळ आहे.

चाखून थुंकायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. यजमानांना राग नाही ना येत?

अजिबात नाही, बादली त्यासाठीच ठेवलेली असते आणि वाईन बनवणारे स्वतः दिवसभर तेच करतात. ग्लासात उरलेलीही तिथेच ओता. घरी पाण्याने एकदा सराव करा, अंगावर उडत नाही मग.

आमच्यातली एक मैत्रीण पीत नाही. सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय की गाडी तीच चालवणार. बरोबर आहे का हे?

नाही, आणि हे मला मनापासून खटकलं. ती पीत नाही म्हणजे ती तुमची ड्रायव्हर झाली असं नाही, तिचीही सुट्टीच आहे ना. तिला आधी विचारा, आणि ती हो म्हणाली तरी एक दिवस भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट घ्या, सहाजणांत खर्च विभागला की जड जात नाही. तुमच्यातलाच कुणी चालवणार असेल तर त्याने त्या दिवशी चाखायचंच नाही, थुंकलं तरी थोडं अल्कोहोल पोटात जातंच आणि घाटात रिस्क नकोच. टेस्टिंगमध्येही तिला कोपऱ्यात बसवू नका, ग्लास तिच्याही हातात द्या, नुसता वास घेऊन ती काय सांगते ऐका, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंचसं काम नाकच करतं. आणि बागेतून, तळघरातून फिरवून आणणारी टूर असेल तर ती टेस्टिंगच्या आधी घ्या, तेव्हा सगळेच सारख्या शुद्धीत असतात.

घेतलेल्या बाटल्या गाडीत ठेवल्या तर चालतील का?

उन्हात उभ्या बंद गाडीत अजिबात नको, आतली हवा तापते आणि वाईन शिजल्यासारखी होते, कधी बूचही वर सरकतं. खरेदी शेवटच्या दिवशी करा, किंवा रोज बाटल्या खोलीवर नेऊन ठेवा. प्रवासात हिंदकळलेली बाटली लगेच उघडू नका, आठवडाभर पडू द्या.