जादा भरणा सहाचा चार हजार करा, ताई

ताई,

घराच्या कर्जात दरमहा जादा भरताय ते ६,००० रुपये थांबवावेत का, की ठेव मोडून एकदाचं चार दिवस कुठंतरी जाऊन यावं, असं तुम्ही विचारलंय. मिस्टरांचं म्हणणं, अजून पावणेचार वर्षं कळ काढू आणि मोकळे होऊ. तुमचं म्हणणं, आता कळ निघत नाही. माझं उत्तर आधीच सांगते. भरणा बंद करू नका, सहाचा चार हजार करा. ठेवीला हात लावू नका. कारणं आकड्यांसकट देते, म्हणजे घरी दोघांना बसून बघता येतील.

मिस्टरांचा बेळगावच्या उद्यमबागमधल्या कारखान्यातला पगार हातात २७,००० येतो. ब्लाऊज आणि फॉल-पिकोचे तुमचे सरासरी ८,००० आणि कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० मिळून ३७,००० होतात. त्यातले १०,००० हप्त्याला आणि ६,००० जादा भरण्याला जातात, म्हणजे चौघांचं घर २१,००० मध्ये चालतं. कर्ज ६ लाख शिल्लक आहे, व्याज ९ टक्के. नुसता हप्ता भरत राहिलात तर अजून ८० महिने लागतील. ६,००० जादा भरलेत तर सुमारे ४४ महिन्यांत कर्ज फिटेल, ४,००० भरलेत तर सुमारे ५२ महिन्यांत. म्हणजे महिन्याला दोन हजारांची मोकळीक घेतलीत तर कर्ज आठ महिने उशिरा फिटेल आणि व्याज साधारण १९ हजार रुपये जास्त जाईल.

१९ हजार ही तुमच्या घराला लहान रक्कम नाही, हे मला कळतं. पण ती चार वर्षांवर पसरलेली आहे, आणि तिच्यासमोर काय ठेवायचं ते तुमच्याच पत्रात आहे. आठवीतली मुलगी वाढदिवसाला म्हणाली, "मम्मी, यंदा केक राहू दे." तुम्हाला आधी कौतुक वाटलं आणि मग रात्रभर झोप लागली नाही. पुढच्याच आठवड्यात खडेबाजारात तुम्ही ४,२०० ची साडी घेतलीत, घरी येऊन कपाटात लपवलीत, आणि आता ती परत करू का म्हणून मला विचारताय. परत करू नका. तीन वर्षं स्वतःसाठी काहीच न घेतलेल्या बाईच्या हातून असा एखादा खर्च होतोच, आणि बजेट असंच घट्ट राहिलं तर पुढचा खर्च याहून मोठा होईल. दर काही महिन्यांनी असा एक खर्च झाला, तर कडक बजेटनं वाचवलेले ते १९ हजार राहणार आहेत का? काटकसर मोडते ती बहुतेक वेळा अशीच, आणि वर चोरी केल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

हेच कर्ज १६ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज असतं तर मी मिस्टरांच्या बाजूनं उभी राहिले असते. तिथं दात-ओठ खाऊन आधी फेडणंच शहाणपणाचं. घराचं ९ टक्क्यांचं कर्ज थोडं सावकाश फिटलं तर आकाश कोसळत नाही.

आता मोकळे होणारे दोन हजार. गृहलक्ष्मीचे पैसे तुमच्या खात्यात येतात आणि तसेच कर्जात जातात. ते कर्जातून बाहेर काढा. तसाही तो हप्ता कधी वेळेवर येतो, कधी दोन-तीन महिन्यांचा एकदम, त्यामुळं दर महिन्याच्या भरण्यासाठी त्याच्यावर विसंबणं बरं नव्हतंच. त्यातले ५०० तुमचे, ५०० मिस्टरांचे, १,००० मुलांसह घराच्या हौसेचे. या पैशांचा हिशेब वहीत लिहायचा नाही आणि एकमेकांना विचारायचाही नाही. ही अट मोडलीत तर सगळंच वाया जाईल. तुम्ही दमलाय त्या पाचशे रुपयांसाठी नाही. दहा रुपयांच्या कोथिंबिरीचाही जाब रोज रात्री स्वतःला द्यावा लागतो, त्यानं दमलाय. वहीसुद्धा रोज नको, रविवारी एकदा लिहा.

दमण्याचं आणखी एक कारण मला तुमच्या वहीच्या फोटोत दिसलं. जून, भाद्रपद, दिवाळी आणि लग्नसराई, या प्रत्येक महिन्यापुढं तुम्ही "बजेट चुकलं" असं लिहिलंय. ताई, तुमचं काही चुकलं नाही. शाळेची फी, गौरी-गणपती, आहेर, माहेरची जत्रा हे खर्च दरवर्षी येणारच, ते २१,००० च्या मासिक हिशेबात कधी बसणारच नव्हते. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ते वर्षाला ३२,००० होतात. गेल्या दिवाळीचा २०,००० चा बोनस तुम्ही सगळा कर्जात घातलात. यंदा तो या खर्चांसाठी वेगळ्या खात्यात ठेवा. उरलेल्या १२,००० साठी घरखर्चातून महिन्याला १,००० बाजूला काढा. आणि माहेरी पुढं महालक्ष्मी यात्रा आहे म्हणताय, तर भावाशी आत्ताच बोलून घ्या. आपल्याकडं कितीतरी वर्षांनी गावची यात्रा येते, गावभर पाव्हणे जेवायला येतात आणि घरंच्या घरं त्यासाठी कर्ज काढतात. तुमचा वाटा किती, हे आधी ठरलं की ऐनवेळी मान खाली घालायची वेळ येत नाही.

मायक्रोफायनान्सवाल्या महिला संघाकडून ३०,००० काढून फिरून यायचा विचार आला होता, असं एका ओळीत लिहिलंय. तो सोडून द्या. तिथलं व्याज बहुधा वर्षाला २० टक्क्यांच्या वर जातं आणि आठवड्याच्या हप्त्याला दारात माणूस येतो. कर्नाटक सरकारला २०२५ मध्ये अशा वसुलीच्या जाचाविरुद्ध अध्यादेश काढावा लागला, यावरून काय ते समजा.

ठेव का मोडायची नाही? ती ६०,००० ची आहे. घरखर्च आणि हप्ता मिळून ३१,००० लागतात, म्हणजे घरातली कमाई थांबली तर जेमतेम दोन महिने निघतील. ती वाढायला हवी, कमी व्हायला नको. म्हणूनच मिस्टरांना माझी विनंती आहे की ४,००० सुद्धा दर महिन्याला कर्जात टाकू नका. सहा महिने वेगळ्या खात्यात साठवा आणि मग एकदम भरा. यात सहा महिन्यांना साडेचारशे रुपयांच्या आसपास व्याज जास्त जाईल. त्या बदल्यात अडीअडचणीला पैसा हाताशी राहतो. कर्जात एकदा भरलेला पैसा मागून परत मिळत नाही.

फिरायला मात्र जा. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकातल्या महिलांना राज्यातल्या सरकारी साध्या बसला तिकीट नाही. तुमचं आणि मुलीचं भाडं वाचतं, मिस्टरांचं आणि मुलाचं तेवढं काढायचं. पावसाळ्यात गोकाकचा धबधबा भरून वाहतो, सकाळी निघून रात्री घरी परतता येतं. हौसेच्या हजारात हे बसतं. आंबोलीला गेलात तर महाराष्ट्राची हद्द लागते, तिथं ही सवलत चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

बँकेत पहिला सहामाही भरणा कराल तेव्हा दोन गोष्टी लेखी मागा. एक, भरण्यानंतर हप्ता १०,००० च राहील आणि मुदत कमी होईल. काही वेळा बँक मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करते, मग व्याज फारसं वाचत नाही. दुसरी, व्याज फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणारं, असल्याचा उल्लेख. वैयक्तिक नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जात आधी पैसे भरले म्हणून दंड घेता येत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कुणी दंड मागितला तर भरू नका, आधी मला कळवा.